वॉरंटी कार्डाच्या पलीकडे : सदोष वस्तू आणि ग्राहकाचे कायदेशीर हक्क

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी शहरांतील बाजारपेठांत आजही आढळते. कापडाच्या दुकानात ती भिंतीवर टांगलेली असते, तर विद्युत उपकरणांच्या दुकानात बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेली असते. तिच्या जोडीला वस्तूच्या खोक्यात वॉरंटी कार्ड असते. या दोन कागदांत जे लिहिले आहे तेवढाच आपला हक्क आणि वर्षाची मुदत संपली की कंपनीशी असलेला संबंध संपला, असा सर्वसामान्य ग्राहकाचा समज असतो.

हा समज कायद्याला धरून नाही. वॉरंटी कार्ड म्हणजे उत्पादकाने स्वतःहून, स्वतःच्या अटींवर दिलेले आश्वासन होय. कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण त्याहून वेगळे आणि अधिक व्यापक आहे. शिवाय या संरक्षणाचे दोन स्वतंत्र भाग आहेत. वस्तू नीट चालत नसेल तर एक भाग उपयोगी पडतो. वस्तूमुळे माणसाला किंवा त्याच्या घरादाराला इजा झाली तर दुसरा. बिघडलेला मिक्सर आणि फुटलेला कुकर या दोन्ही घटना घरात सारख्याच मनस्तापाच्या वाटल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे मार्ग निराळे आहेत. हा फरक ठाऊक नसल्याने अनेक जण केवळ दुरुस्तीवर समाधान मानतात आणि भरपाईचा हक्क बजावायचा राहून जातो.

बाजारातील शब्द आणि कायद्यातील शब्द

'गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार' अशी व्याख्या दुकानदार ग्राहकाला ऐकवतात. ही बाजाराची रूढी आहे. कायद्यात तिला आधार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ मध्ये 'गॅरंटी' हा शब्द जामीनकीच्या अर्थाने येतो. एखाद्याने कर्ज फेडले नाही तर ते मी फेडीन, असे तिसऱ्या व्यक्तीने दिलेले वचन म्हणजे गॅरंटी. पंख्याच्या किंवा मनगटी घड्याळाच्या गॅरंटीशी त्याचा संबंध नाही.

वॉरंटीची कायदेशीर व्याख्या वस्तुविक्री कायदा, १९३० मध्ये आहे. या कायद्याच्या कलम १२ नुसार विक्रीच्या करारातील वचनांचे दोन प्रकार पडतात. कराराच्या मूळ हेतूसाठी जे वचन अत्यावश्यक असते ती 'अट'. ती मोडली गेल्यास ग्राहकाला करार रद्द करून वस्तू नाकारता येते. जे वचन मूळ हेतूला पूरक असते ती 'वॉरंटी', म्हणजे हमी. ती मोडल्यास भरपाई मागता येते, पण वस्तू नाकारण्याचा अधिकार मिळत नाही. एखादे वचन अट आहे की हमी, हे त्याला दिलेल्या नावावरून ठरत नाही. करारात 'वॉरंटी' असा उल्लेख असला, तरी प्रत्यक्षात ती अट असू शकते, असे हे कलम स्पष्टपणे सांगते.

म्हणून कार्डावर काय नाव छापले आहे, यापेक्षा ग्राहकाला कोणते आश्वासन देण्यात आले होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'व्यक्त हमी'ची व्याख्या पुरेशी व्यापक केली आहे. वस्तूविषयी केलेले महत्त्वाचे विधान, दिलेले वचन, केलेले वर्णन, इतकेच नव्हे तर दाखवलेला नमुनाही तीत येतो. त्यामुळे जाहिरात, वेबसाइटवरील वर्णन आणि खोक्यावरील मजकूर हे सारे पुराव्याच्या दृष्टीने जपून ठेवण्याजोगे असते.

न लिहिलेल्या अटी

वस्तुविक्री कायद्यातील काही अटी कागदावर लिहिलेल्या नसल्या तरी त्या करारात असल्याचे कायदा मानतो. त्यांना गर्भित अटी म्हणतात. कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. कलम १६ नुसार ग्राहकाने आपली गरज विक्रेत्याला सांगितली असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असेल, तर ती त्या गरजेसाठी वाजवी प्रमाणात योग्य असली पाहिजे. त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल 'विक्रीयोग्य गुणवत्तेचा' असला पाहिजे, असेही हे कलम सांगते. कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसंबंधी आहे.

भारताचा हा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्यामुळे तेथील जुने निर्णय समजून घेण्यास उपयोगी पडतात. १९०३ सालच्या एका इंग्रजी खटल्यात एका ग्राहकाने गरम पाण्याची रबरी पिशवी विकत घेतली होती. ती काही दिवसांतच फुटली आणि त्याच्या पत्नीला भाजले. पिशवी कशासाठी हवी, हे ग्राहकाने वेगळे सांगायला हवे होते का, असा प्रश्न निघाला. अशा पिशवीचा नेहमीचा उपयोग एकच असतो आणि तो विक्रेत्याला ठाऊकच असतो, असे ठरवून न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार धरले.

मात्र या संरक्षणाला मर्यादाही आहेत. ग्राहकाने वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवे होते अशा दोषांबाबत विक्रीयोग्यतेची गर्भित अट लागू होत नाही. कलम ६२ नुसार परस्पर कराराने गर्भित अटी वगळताही येतात. बिलामागच्या बारीक अक्षरांचे मूळ या कलमात आहे. २०१९ च्या कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पना आणून त्यावर काहीसा तोडगा काढला. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फेरफार करणाऱ्या एकतर्फी करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

'माल परत घेतला जाणार नाही' या पाटीचेही तेच. रंग आवडला नाही किंवा मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानदारावर सर्वसाधारणपणे नाही. तेवढ्यापुरती ती पाटी निरर्थक नाही. सदोष मालाची गोष्ट वेगळी. बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

कराराच्या भिंतीबाहेर

विक्रीच्या कायद्यात एक मोठी उणीव होती. तो ग्राहक आणि विक्रेता या दोघांपुरताच होता. वस्तू बनवणारा कारखानदार त्या करारात नसे आणि विकत न घेता ती वापरणारी व्यक्तीही नसे. ही भिंत स्कॉटलंडमधील एका प्रकरणाने पाडली.

ऑगस्ट १९२८ मध्ये पेझ्ली या गावातील एका उपाहारगृहात एका स्त्रीला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना तीतून कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष बाहेर आले आणि आपण आजारी पडलो, अशी त्या स्त्रीची तक्रार होती. पैसे तिने दिलेले नसल्याने उपाहारगृहाशी तिचा करारच नव्हता. तिने थेट उत्पादकावर दावा लावला. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला, की आपल्या निष्काळजीपणामुळे ज्यांना इजा होऊ शकते अशा अंतिम वापरकर्त्यांप्रति उत्पादकाचे कर्तव्य असते. 'डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' या नावाने हा निर्णय ओळखला जातो. बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले.

या तत्त्वातही एक अडचण उरली. उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार पीडितावरच होता. कारखान्याच्या आत काय घडले, हे घरात बसलेल्या माणसाने कसे दाखवून द्यायचे? म्हणून दोष सिद्ध झाला, तर निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज नसावी, अशी मागणी जगभर पुढे आली. भारतात ती कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

१९८६ ते २०१९

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ कायद्याच्या आधी आली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची स्थापना झाली, तर पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी तीन पातळ्यांवरील न्याययंत्रणा या कायद्याने उभी केली. वकिलाशिवाय, साध्या अर्जावर दाद मागण्याची सोय झाली. 'दोष' या शब्दाची व्याख्याही व्यापक करण्यात आली. वस्तूची गुणवत्ता, परिमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष. मग तो दर्जा कायद्याने ठरवलेला असो, कराराने असो किंवा विक्रेत्याने स्वतः दावा केलेला असो.

या कायद्याची जागा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने घेतली. त्यातील बहुतांश तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. 'मंच' जाऊन 'आयोग' आले आणि सहावे प्रकरण पूर्णतः नवे जोडण्यात आले. कलम ८२ ते ८७ चे हे प्रकरण उत्पादनदायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचे आहे.

जबाबदारी कोणाची?

या प्रकरणात तीन पक्षांची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगितली आहे. त्यांतील पहिला उत्पादक. वस्तूत निर्मितिदोष असेल, तिची रचनाच सदोष असेल, ठरलेल्या निर्मितीनिकषांपासून ती ढळली असेल, व्यक्त हमीशी ती जुळत नसेल किंवा योग्य वापराच्या सूचना व धोक्याचे इशारे पुरेसे दिलेले नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. हमी देताना आपला निष्काळजीपणा किंवा लबाडी नव्हती, असे त्याने सिद्ध केले तरी त्याची सुटका होत नाही. निर्मितिदोष आणि रचनादोष यांतील फरक साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हजारो इस्त्र्यांपैकी एकीच्या तारेचे आवरण कारखान्यात नीट बसले नाही, तर तो निर्मितिदोष. सर्वच इस्त्र्यांची तार तापलेल्या भागाला टेकेल अशी मांडणी असेल, तर तो रचनादोष.

दुसरा पक्ष सेवा देणारा. वस्तूची दुरुस्ती किंवा देखभाल करणाऱ्याची सेवा सदोष, अपुरी किंवा निष्काळजीपणाची असेल, अथवा त्याने आवश्यक सूचना दिल्या नसतील, तर तोही उत्तरदायी आहे.

तिसरा विक्रेता. उत्पादक नसलेल्या विक्रेत्यावर कायद्याने सरसकट जबाबदारी टाकलेली नाही. वस्तूची रचना, चाचणी, निर्मिती, वेष्टन किंवा लेबल यांवर त्याचे भरीव नियंत्रण असेल. त्याने वस्तूत बदल केला आणि तोच हानीचे मुख्य कारण ठरला असेल. उत्पादकाखेरीज त्याने स्वतः वेगळी हमी दिली असेल. वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना त्याने वाजवी काळजी घेतली नसेल. किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, अथवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचू शकत नसेल, तर विक्रेता सापडतो. बाहेरदेशीच्या अनोळखी कंपनीचा स्वस्त चार्जर रस्त्याकडेच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी हे शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. बांधलेली घरे विकणारे आणि सदनिका बांधणारे व्यावसायिकही 'विक्रेता' या व्याख्येत येतात, ही बाब शहरी वाचकांनी लक्षात ठेवावी.

हानी म्हणजे काय?

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या दोन मार्गांची फारकत येथे होते. उत्पादनदायित्वाच्या संदर्भात 'हानी' या शब्दात शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यांसोबत येणारा मानसिक क्लेश आणि सदोष वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान यांचा समावेश होतो. वस्तूचे स्वतःचे नुकसान मात्र या व्याख्येतून वगळले आहे. हमीच्या अटी मोडल्याने झालेले मालमत्तेचे नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटाही तीत बसत नाही.

समजा, एका घरातील गीझरचा स्फोट झाला. न्हाणीघराची भिंत आणि दार यांचे नुकसान झाले आणि घरातील एक व्यक्ती भाजली. भाजलेल्या व्यक्तीचा औषधोपचार, तिला झालेला क्लेश आणि भिंत-दाराची भरपाई ही उत्पादनदायित्वाच्या दाव्यात मागता येते. गीझरची किंमत किंवा नवा गीझर मात्र 'सदोष वस्तू' या नेहमीच्या तक्रारीखाली मागावा लागतो. या दोन्ही मागण्या अर्जात स्पष्टपणे मांडणे इष्ट. उत्पादकाची जबाबदारी सांगणाऱ्या कलम ८४ मध्ये वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेख नाही. त्यामुळे केवळ कार्डाची मुदत संपली म्हणून इजेच्या भरपाईचा हक्क संपत नाही. अर्थात वस्तू जितकी जुनी, तितके दोष मूळचा होता हे सिद्ध करणे अवघड, हेही खरे.

वस्तू स्वतः विकत घेतलेली नसली तरी खरेदीदाराच्या संमतीने ती वापरणारा हाही कायद्याने ग्राहक आहे. लग्नात आहेर म्हणून आलेल्या कुकरबाबत किंवा मुलाने घेऊन दिलेल्या गीझरबाबत वापरणाऱ्याला तक्रार करता येते. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा, उदाहरणार्थ शिवणयंत्रावर पोट भरणारी व्यक्ती, ग्राहकच ठरते.

उत्पादकाच्या बाजूनेही काही बचाव आहेत. सर्वांना ठाऊक असलेल्या उघड धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तीत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायच्या वस्तूबाबत त्या तज्ज्ञाला पुरेसे इशारे दिलेले असतील, अथवा तक्रारदार मद्याच्या किंवा डॉक्टरांनी लिहून न दिलेल्या औषधाच्या अमलाखाली वस्तू वापरत असेल, तर इशाऱ्यांच्या अभावाबद्दल उत्पादक जबाबदार राहत नाही. नवे वॉशर, झडप किंवा तार बसवताना ती मूळ कंपनीची घ्यावी, हा सल्ला म्हणूनच कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?

वॉरंटीच्या मर्यादा सांगणारा एक महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगाशी संबंधित प्रकरणात दिला. गाडीच्या वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आश्वासन असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०१० साली फियाट इंडियाविरुद्धच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तंत्रज्ञाच्या तपासणीवर भर दिला. गाडीत मूळचाच निर्मितिदोष असल्याचे अशा तज्ज्ञाच्या अहवालातून दिसले, तर किंमत परत मिळू शकते.

गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे घेऊन विक्रेत्याने त्याला २००९ चे मॉडेल दिले होते. खालच्या पातळीवरील आदेशांत टाटा मोटर्सलाही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाची जबाबदारी रद्द केली. उत्पादक आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र पक्षांमधला असेल आणि विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती हे दाखवलेले नसेल, तर त्याला दोषी धरता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. तक्रारीत उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करावे आणि प्रत्येकाने नेमके काय केले हे वेगवेगळे मांडावे, हा यातून घेण्याजोगा धडा.

ग्राहकाच्या बाजूचा ठळक निर्णय एप्रिल २०२२ मधील आहे. ह्युंदाई कंपनीच्या एका गाडीला नोव्हेंबर २०१७ मध्ये अपघात झाला, तेव्हा तिच्या एअरबॅग उघडल्या नाहीत आणि मालक जखमी झाला. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. वेग आणि बल यांच्या सिद्धान्तांवरून धडकेचा जोर मोजण्यासाठी ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा आशयाचे मत न्यायालयाने व्यक्त केले आणि भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. हे प्रकरण जुन्या कायद्याखालचे होते. सुरक्षेसाठी म्हणून विकलेली यंत्रणा ऐन वेळी चालली नाही, ही वस्तुस्थितीच पुरेशी बोलकी असते, हे तत्त्व त्यातून ठसले.

तक्रार कोठे आणि कशी?

वस्तूपोटी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी डिसेंबर २०२१ च्या नियमांनी झाली आहे. येथे मागितलेली भरपाई मोजली जात नाही. प्रत्यक्ष दिलेली किंमत मोजली जाते. दोन हजार रुपयांच्या कुकरने जीव घेतला, तरी दावा जिल्हा आयोगातच दाखल होतो. गाडीला आग लागून पतीचा मृत्यू झालेल्या एका महिलेने या तरतुदीला आव्हान दिले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली. परगावच्या किंवा ऑनलाइन विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारींत तिचा मोठा लाभ होतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तरच उशीर माफ होतो. दुरुस्ती केंद्राच्या खेपा घालण्यात ही दोन वर्षे निघून जाऊ नयेत, याची काळजी ग्राहकाने घ्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. परंतु तेवढ्याने कायद्याची मुदत थांबते असे गृहीत धरू नये. ऑनलाइन तक्रारीसाठी २०२० मध्ये 'ई-दाखिल' ही सोय झाली आणि २०२५ च्या जानेवारीत 'ई-जागृती' ही नवी प्रणाली सुरू झाली.

बहुतेक दाव्यांचे यश पुराव्यावर अवलंबून असते. बिल, वॉरंटी कार्ड, खोके आणि त्यावरील उत्पादकाचा पत्ता, प्रत्येक दुरुस्तीची पावती, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे जपावीत. इजा झाली असेल तर रुग्णालयाची कागदपत्रेही सांभाळावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपघातग्रस्त वस्तू आहे त्या स्थितीत ठेवावी. 'तपासून आणतो' म्हणून कंपनीचा माणूस ती घेऊन गेला, तर दाव्याचा मुख्य पुरावा प्रतिपक्षाच्या हाती जातो. निदान तशी लेखी पोच तरी घ्यावी. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, व्याजासह किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश देता येतात. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एकाची तक्रार, अनेकांचे हित

सदोष वस्तू क्वचितच एकटी असते. त्याच साच्यातून निघालेल्या शेकडो वस्तू इतरांच्या घरात असतात. म्हणून २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन केले आणि धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याला दिला. घरगुती प्रेशर कुकरसाठी भारतीय मानकाची सक्ती १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाली. मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने अॅमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरच्या खरेदीदारांना कळवून ते परत घेण्याचे व पैसे परत करण्याचे आदेश दिले, तसेच प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला. हे आदेश पुढे न्यायालयातही गेले. ऑनलाइन बाजारपेठेला 'आम्ही केवळ मध्यस्थ' म्हणून हात झटकता येतील का, या प्रश्नाची चर्चा त्यामुळे सुरू झाली.

कायद्याने तक्रार निकाली काढण्यास चाचणीची गरज नसल्यास तीन महिने आणि असल्यास पाच महिने अशी मुदत घातली आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. एअरबॅगच्या प्रकरणातही अपघात आणि अंतिम निर्णय यांत साडेचार वर्षे गेली. या विलंबाचा फायदा अर्थातच मोठ्या कंपनीला होतो, कारण ती थांबू शकते. भाजलेला किंवा जखमी झालेला माणूस थांबू शकत नाही. तरीही वॉरंटी कार्डावरील मुदत पाहून माघारी फिरणाऱ्या ग्राहकाने हे जाणावे, की त्या कार्डाने कंपनीने स्वतःवर घातलेली मर्यादा सांगितली आहे, कायद्याने घातलेली नव्हे. वस्तू बिघडली तर कार्ड काढावे. वस्तूने इजा केली तर कायदा काढावा आणि दोन्ही वेळी बिल हाताशी असावे.